डायपरचं खोकं परत

४ फेब्रुवारी

सुनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काही कुठे पळून जात नाहीत. आधी कामाचं बोलते.

आमच्या शेजारचा टेम्पोवाला तुमच्या बाजूला माल घेऊन निघालाय. त्याच्याबरोबर एक मोठं खोकं पाठवलंय. आत डायपर आहेत. ढब्बूला बरेच दिवस पुरतील, आणि संपत आले की दुसरं खोकं येईल.

फोन का केला नाही म्हणून कुरकुर करू नकोस. उभी नोकरी मी टेलिफोनच्या ऑफिसात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली. रिटायर झाले त्या दिवशीच ठरवलं, आता ते यंत्र कानाला लावायचं नाही. शिवाय फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि करतेस ते तुझंच. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही.

तर आमच्या चिरंजीवांनी परवा ह्यांना फोनवर सांगितलं, की तू बाळासाठी कापडी लंगोट शिवायला काढलेस. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लंगोट! अगं, तीन पोरं वाढवली मी. माझी ऐन उमेदीची वर्षं मोरीत उकिडवं बसण्यात गेली. डोळे उघडले की पहिलं दर्शन बादलीचं. हातांची सालं निघायची. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर माझ्या हातांना वास येतो म्हणून खुर्ची सरकवून बसायची. तेव्हा दुसरं काही मिळतच नव्हतं, म्हणून सोसलं. आता कोपऱ्यावरच्या दुकानात डायपर मिळतात, आणि तू हौसेनं तीच बादली घरात आणणार? नसते उद्योग सांगितलेत कुणी तुला?

मी स्वतः येऊन तुझ्या हातातली कात्री काढून घेतली असती, पण ह्यांचा गुडघा धरलाय. पायऱ्या उतरवत नाहीत त्यांना, आणि मला त्यांना एकटं सोडवत नाही. तेव्हा सध्या खोक्यावर भागव.

लंगोट शिवलेस तर माझ्याशी गाठ आहे. ढब्बूच्या गालाचा पापा घे, दोन्ही गालांचा.

तुझी सासू
(आणि ती आहे, हे विसरू नकोस)

११ फेब्रुवारी

ती. आई,

नमस्कार. रागावले आहे, पण नमस्कार आधी.

खोकं मिळालं. टेम्पोवाला चहा पीत होता तेवढ्यात ते त्याच्याच टेम्पोत परत चढवलं. बिचारा म्हणाला, "ताई, तुमच्या सासूबाई माझा जीव घेतील." मी म्हटलं, माझं नाव सांगा.

लंगोट शिवायला काढलेले नाहीत, शिवून झालेले आहेत. आमच्या कारखान्यात नाटकाच्या पडद्यांना सुती अस्तर लावतात, त्याचे तुकडे उरतात. मुकादमीणबाईंना विचारून ते घेतले. चार पदर, मधे जुन्या टॉवेलचा तुकडा, कडेनं दुहेरी शिवण. पडदा रोज वर-खाली ओढला तरी उसवत नाही, ती शिवण आहे. तुमच्या नातीनं कितीही जोर लावू दे. दवाखान्यातून निघताना दिलेल्या डायपरनी तिच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या, ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलंय.

आणि आई, आता मनातलं बोलूनच टाकते. पोरगी आता हसायला लागली, तुम्ही अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. गुडघा बाबांचा दुखतो, तुमचा नाही. एका दिवसासाठी आला असतात, सकाळी येऊन संध्याकाळी गेला असतात, तरी मला पुरलं असतं. माझी आई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी वाट बघत होते. तुम्ही आला नाहीत, खोकं आलं. खोक्याला आजी म्हणायला मी पोरीला शिकवणार नाही.

धुण्याचं म्हणाल, तर त्याची सोय झालेली आहे. तुम्ही काळजी करू नका.

आमच्या घरात लंगोटच वापरले जातील. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही ना? मग हे घ्या, कागदावर.

तुमची सून
(तीही आहे, हे विसरू नका)

१९ फेब्रुवारी

सुनबाई,

खोकं परत? माझं खोकं?

भर दुपारी टेम्पोवाल्यानं ते ओट्यावर आणून आदळलं. समोरच्या शिंपीणबाई लगेच खिडकीत. "काय हो, पत्ता चुकला का?" मी म्हटलं, नाही, सून निवडताना चुकलं. (हे मी चिडून म्हटलं. तू लावून घेऊ नकोस. लावून घेतलंस तरी चालेल.)

मी आले नाही ते तुला लागलं. लागणारच. मलाही काही गोड वाटत नाही इथे बसून. त्याबद्दल आत्ता जास्त लिहीत नाही.

पण "सोय झालेली आहे" म्हणजे काय गं? बाई ठेवलीस? शी-शूचे लंगोट धुणारी बाई मिळाली असेल तर तिचा फोटो पाठव, मी फ्रेम करून भिंतीवर लावते. माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस. तूच धुतेस. सकाळी कारखान्यात पडद्याच्या जाड कापडाशी झटतेस आणि घरी आल्यावर बादलीशी. आणि वर मला तोऱ्यात सांगतेस, सोय झाली.

तुला एक सांगते, हे मी कुणाला बोललेले नाही. आमच्याकडे लंगोट वाळत असले, की तुझे सासरे अंगणात पाऊल टाकायचे नाहीत. शाळेत अख्ख्या मैदानाला कवायत शिकवणारा माणूस, पण स्वतःच्याच पोराच्या लंगोटांसमोरून नाकाला रुमाल लावून जायचा. पुढे दोरी बांधायची नाही, मागच्या भिंतीला बांधायची, असा हुकूम होता. तिथे ऊन यायचं नाही. मग अर्धवट ओले लंगोट मी तव्याशेजारी धरून सुकवायचे. एकदा एक जळला. तर म्हणाले, लक्ष कुठे असतं तुझं?

म्हणून मी डायपर पाठवते. माझ्या वाटचं ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून. ह्याला तू सासुरवास म्हणणार असशील तर खुशाल म्हण.

खरं काय ते लिही. कोण धुतं?

आई

३ मार्च

ती. आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तो तव्याचा भाग वाचून रडू आलं, मग तुमचा रागही आला, की हे आधी का नाही बोललात. पण मी माघार घेतलेली नाही, हे आधीच सांगते.

आता जे लिहिते ते वाचून तुम्हाला "बघ, मी म्हणत नव्हते?" म्हणावंसं वाटेल. एकदाच काय ते म्हणून घ्या.

लंगोट गळतायत. म्हणजे लंगोट गळत नाही, त्यातून सगळं वाहून जातं. ढब्बूनं शू केली की ती लंगोटात न राहता सरळ माझ्या मांडीवर. पहिले दोन आठवडे झकास चाललं होतं. आता लंगोट कोरडा आणि मी ओली, अशी गंमत आहे. पोरीची पाठ, दुपटं, गादी, सगळं भिजतं. अंगावर पुन्हा पुरळ उठलंय. मी शिवण उसवून पाहिली, पदर मोजले, मधला टॉवेल बदलला. काही उपयोग नाही. आणि कापड तर कसं झालंय, लोण्यासारखं मऊ, हॉटेलातल्या उशीसारखा मंद वास. हातात घेतलं की ठेवावंसं वाटत नाही. पण पितच नाही ते काही!

कारखान्यातल्या बायकांना तेवढंच हवं होतं. "कशाला हट्ट करतेस? आण डायपर आणि हो मोकळी." एकीनं तर पाकीट आणून माझ्या मशिनवर ठेवलं. मी ते तिच्या डब्याच्या पिशवीत परत ठेवलं. लोकांची पाकिटं परत करण्यात माझा हात आता चांगला बसलाय.

मी डायपर घेणार नाही. माझ्या शिवणीत खोट नाही, हे मला माहीत आहे. मग कुठे आहे, तेवढं मात्र कळत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा. नसेल सुचत तर टोमणे मारू नका.

तुमची सून

७ मार्च

अगं वेडे,

शिवणीत काही नाही. धुण्यात आहे!

लोण्यासारखं मऊ आणि मंद वास म्हणालीस ना? म्हणजे शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध पडतंय. सॉफ्टनर. ते कापडावर मेणासारखं बसतं, मग कापड पाणी पीत नाही. मी इथे तेच करून बसले होते. वास जावा म्हणून ती निळी बाटली आणली, चार दिवसांत टॉवेलांनी पाणी प्यायचं सोडलं. टॉवेल कोरडा आणि खालची गादी ओली. किती डोकं धरून बसले होते मी!

वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकून बघ. आत गेला नाही, वर मोत्यासारखा बसला, तर मी म्हणते तेच. सगळे लंगोट कढत पाण्यात नुसत्या साबणाच्या चुऱ्यात धुवायचे, पाणी निवळ येईपर्यंत खळबळायचे, बाटलीला हात लावायचा नाही. पहिल्यासारखे होतील.

आणि आता मला सांग. हॉटेलातल्या उशीसारखा वास म्हणालीस. तू काही हॉटेलातल्या उशांवर लोळत नाहीस. हॉटेलच्या लाँड्रीत रोज चादरी-उशा कोण धुतं, हे मला माहीत आहे, मीच जन्माला घातलंय त्याला. लंगोट तू धुतेस तर त्यात काय पडतं, ते तुला माहीत का नाही?

उलट टपाली उत्तर हवंय.

आई

१२ मार्च

ती. आई,

थेंब मोत्यासारखा बसला. तुम्ही म्हणालात तसं सगळं धुतलं. काल ढब्बूनं लंगोटाची परीक्षा घेतली आणि माझी मांडी कोरडी राहिली. तुमचे पाय धरायला हवेत, पण तुम्ही इथे नाही.

"धुतलं" असं मी लिहिलं. मी नाही धुतलं. तुमच्या लेकानं धुतलं. पहिल्या दिवसापासून तोच धुतो.

घ्या. आता काय म्हणायचं ते म्हणा.

मी सकाळी कारखान्यात जाते, त्याची पाळी दुपारची. सकाळभर पोरगी त्याच्याजवळ असते. बाही वर करतो, पाटावर बसतो आणि धुतो, वर तिला गाणी म्हणून दाखवतो, बेसूर. लाँड्रीत शेवटच्या पाण्यात ते औषध घालायचंच अशी त्यांची पद्धत, म्हणून त्यानं घरीही तीच बाटली विकत आणली. पोरीला मऊ लागावं म्हणून. आपल्यामुळे तिला पुरळ उठलं हे कळल्यावर दिवसभर जेवला नाही.

खरं सांगू? मला लंगोट काय, डायपर काय, मला फक्त झोप हवी होती. लंगोट त्याला हवे होते. दवाखान्यातल्या डायपरनी पोरीचं अंग सोलवटलं, तेव्हा तो म्हणाला, "तू शीव, मी धुतो." मी म्हटलं, चार दिवस धुशील आणि मग माझ्या गळ्यात मारशील. ह्यावरून आमचं दणदणीत भांडण झालं. मिटलं ते एका गोष्टीवर. जो धुतो त्यानं ठरवायचं. तो धुतो, त्यानं ठरवलं, मी शिवले. तेव्हापासून एकदाही माझ्या गळ्यात मारलेलं नाही.

तुम्हाला सांगू नकोस म्हणून त्यानंच शपथ घातली होती. "आईनं मला कधी जेवलेलं ताट उचलू दिलं नाही. तिला कळलं तर म्हणेल, बायकोनं पोराला मोरीत बसवलं." तर म्हणा. बसवलं. माझ्या नवऱ्याला लेकीचं करताना लाज वाटत नाही, तर मी ती का बाळगू? आणि तुम्हाला वाईट वाटणार असेल तर वाटू द्या, आता लपवाछपवी माझ्याच्यानं होत नाही.

आता तुमची पाळी. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. टॉवेलाशी आल्यावर त्यानं तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. आई, गुडघा दुखला तर गादी ओली होते का? कसला वास जायला हवा होता? बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणून तुम्ही दोघांनी त्याला परत पाठवलं होतंत. तो म्हणतो, मी उद्याच जातो. मी त्याला थांबवलंय, तुमचं पत्र येईपर्यंतच.

कोण धुतं, असं मला विचारत होतात. तुमच्याकडे काय धुवावं लागतंय, ते तुम्ही सांगा.

तुमची सून

२२ मार्च

सुनबाई,

गुडघा ठणठणीत आहे. कधीच दुखत नव्हता.

त्या ऑपरेशननंतर ह्यांना लघवी धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं, सुधारेल, वेळ लागेल. तोवर मोठ्या माणसांचे डायपर मिळतात ते वापरा. मी आणले. ह्यांनी पाकीट भिंतीवर फेकलं. "मी काय तान्हा आहे?" झालं. मग चादरी, टॉवेल, पायजमे, रोज. मी पुन्हा मोरीत. आणि पोरांना कळता कामा नये, कुणाला म्हणजे कुणालाच कळता कामा नये. मी एक दिवस बाहेर राहिले तर घरात शिरवणार नाही अशी गत. म्हणून आले नाही. नात हसायला लागली हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि ते पत्र वाचून मी ह्यांची चादर पिळत बसले. तुला काय सांगू, त्या दिवशी चादर नव्हे, कुणाचा तरी गळा पिळावासा वाटत होता.

खोकं पाठवलं ते त्यामुळे. इथली बादली बघून डोकं फिरलं होतं. तुझ्या दारात तरी ती नको.

तर तुझं पत्र आलं. मी ते ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. चहाचा कप हातात तसाच.

म्हणाले, "पोरगा धुतो?"

"धुतो."

"स्वतः?"

"नाही, बँड लावून."

मग मी उठले. म्हटलं, तुमच्या मुलाच्या घरात एक कायदा आहे. जो धुतो त्यानं ठरवायचं. ह्या घरात धुतं कोण? मी. मग आजपासून ठरवणार मी. टेबलावर डायपरचं पाकीट ठेवलं, शेजारी बादली आणि साबण. म्हटलं, ह्यातलं एक उचला, तिसरं काही नाही. आणि ओट्यावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

ह्यांनी बादली उचलली! हट्टी तो हट्टीच. आतून पाण्याचा आवाज, मग "एक-दोन, एक-दोन". कवायत! मला उठून जावंसं वाटत होतं, हात नुसते शिवशिवत होते. पण नाही उठले. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले, शर्ट भिजलेला, धाप लागलेली, चादर अर्धीच पिळलेली.

"तू हे रोज करतेस?"

मी म्हटलं, "आधी तीन पोरांचं केलं, आता तुमचं करते."

माझ्या शेजारी ओट्यावर बसले. शिंपीणबाई खिडकीतून बघत होत्या तरी बसले. मग हळूच विचारलं, "ते पाकीट कसं उघडतात?"

तेव्हा मी रडले. शिंपीणबाईंच्या देखत, मोठ्यानं, आणि मला काही वाटलं नाही.

आता स्वतःचं स्वतः बदलतात. शिस्तीत करतात. माझ्यावाचून राहू शकतात, हे आम्हा दोघांनाही कळलंय. तेव्हा शनिवारच्या सकाळच्या गाडीनं मी येतेय. एकटी. खोकं आणत नाही. चांगली आठ-पंधरा दिवस राहणार आहे, तुला झोपवणार आहे आणि ढब्बूला मांडीवरून उतरवणार नाही. ओलं केलं तर करू दे.

चिरंजीवांना सांग, इकडे धावत यायची गरज नाही. तू मोरीत बसवलंस म्हणून मी रागावेन असं वाटलं त्याला? इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते त्यानं केलं, आणि माझ्यापासूनच लपवलं! गाढव आहे. मी आले की लंगोट धुताना दार लावायचं नाही म्हणावं. मला दारात खुर्ची टाकून बसायचंय, चहा घ्यायचाय आणि माझ्या पोराला धुताना पोटभर बघायचंय.

तुझी आई

ता. क. ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणतात. कागद देते.

चि. सुनबाई यांस,

ही शनिवारी निघते आहे. माझी व्यवस्था मी पाहीन. चिरंजीवांस सांगणे, पिळताना कोपर अंगाशी ठेवावे, जोर मनगटाने नव्हे, खांद्याने द्यावा. मी चुकीचे केले म्हणून पाठ धरली आहे, ही थाप नाही. आज एक चादर मी धुतली. दोरी अंगणात पुढच्या बाजूला बांधली आहे, तिथे ऊन चांगले येते. समोरच्या बाईंनी विचारले, काय मास्तर, आज तुम्ही? मी सांगितले, हो, मी.